निळा निघालेला स्पंज

लॉन्ड्रीत तिला सगळे ब्लीचबाई म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. हॉटेलच्या चादरी असोत, दवाखान्याचे गाऊन असोत, डाग कसलाही असो, बाईच्या हाती लागला की त्याची खैर नसे. नवीन आलेली एखादी "हा काही जायचा नाही हं" म्हणाली, की बाई बाही वर सारायची आणि कामाला लागायची. घरीही तीच गत. पाहुणा दारात आला की आधी आपल्याच तळव्यांकडे बघायचा, मग आत पाऊल टाकायचा.

आणि अशा बाईच्या बैठकीच्या खोलीत नवऱ्याची माशांची टाकी! नवरा घड्याळजी. दिवसभर डोळ्याला भिंग लावून चाकं-स्प्रिंगा बघायचा, आणि घरी आला की खुर्ची ओढून टाकीसमोर बसायचा. टाकीत गप्पी मासे, त्यांची पिलावळ, आणि तळाशी मिशा असलेला एक बुटका मासा. त्याला तो 'साहेब' म्हणायचा, कारण हा गडी स्वतः काडीचं काम न करता सगळीकडे तपासणी करत हिंडायचा. टाकीच्या कोपऱ्यात स्पंजचा फिल्टर. वर फळीवर छोटा पंप घुरघुरायचा, बारीक नळीतून हवा खाली जायची, आणि बुडबुडे वर चढताना टाकीतलं पाणी स्पंजातून ओढून घ्यायचे. स्पंज तपकिरी, बुळबुळीत. बाई नाक मुरडायची.

"हा फिल्टर आहे की मोरीचा बोळा?"

"त्याच्यावरच ते जगतात गं," तो म्हणायचा.

"जगा म्हणावं बापडे," म्हणत ती काच पुसून घ्यायची.

मग त्याच्या पोटात गाठ निघाली, आणि घरातली थट्टामस्करी बंद पडली. दवाखान्यात भरती व्हायच्या दिवशी पिशवी भरता भरता तो तिला टाकीचंच सांगत होता. "खाणं चिमूटभरच टाक. बुडबुडे मंदावले तर टाकीतलं पाणी थोडं बादलीत काढ, त्यात स्पंज दोनदा दाब आणि परत लाव. नळाखाली धरू नकोस." मग पिशवीची चेन लावत म्हणाला, "मला परत येऊन यांच्यासमोर बसायचंय. तेवढंच मनात धरून जातोय बघ." तिने पिशवी त्याच्या हातून घेतली आणि आपल्या खांद्याला लावली.

ऑपरेशन पार पडलं. डॉक्टर सकाळी यायचे तेव्हा ती लॉन्ड्रीत असायची. कामावरून सुटली की धावतपळत वॉर्ड गाठायची. "सगळं काढलं म्हणाले," नवऱ्याने सांगितलं. "वेळेवर आलात म्हणाले." तिचा जीव भांड्यात पडला. नर्सने तेवढ्यात बजावलं, "घरी नेल्यावर जपा हं. जखम ओली आहे. आजूबाजूला जंतू नकोत."

जंतू! आता या बाईला जंतू म्हटल्यावर काय व्हायचं ते झालं. पडदे उतरले, गाद्या उन्हात गेल्या, दारांच्या कड्यासुद्धा पुसून निघाल्या. आणि मग तिची नजर त्या स्पंजावर गेली. तो दोनदा दाबायचा, तोही त्याच घाणेरड्या पाण्यात? घाणीत घाण कधी कुणी धुतली आहे का? घड्याळजीला घड्याळातलं कळतं, धुण्यातलं काय कळणार! तिने पाणी उकळलं, साबण लावला, ब्लीचमध्ये स्पंज बुडवून ठेवला, पिळून पिळून फेस काढला. स्पंज आतून चक्क निळा निघाला. इतकी वर्षं तिला पत्ताच नव्हता! मग टाकीही जवळजवळ रिकामी करून नळाच्या स्वच्छ पाण्याने भरली. पंप लावला. बुडबुडे असे जोरात सुटले, की ती एकटीच खुदकन हसली. आता काय खूश होईल स्वारी!

दुसऱ्या दिवशी गप्पी वर येऊन तोंड उघडत होते. तिसऱ्या दिवशी एक तळाशी आडवा. मग रोज कामावरून आलं की आधी टाकीकडे जायचं, आणि चहाच्या गाळणीने मेलेले काढायचे. ती पाणी बदलायची, पुन्हा बदलायची, आणि मासे जास्तच मरायचे. वॉर्डात तो विचारायचा, "बुडबुडे येतात ना?"

"येतात हो. भरभरून येतात."

खोटं कुठे होतं? बुडबुडे तर येतच होते. पण ते ऐकून तो दोन घास जास्त जेवायचा, आणि तिला तोंड लपवावंसं वाटायचं.

शेवटी ती कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याकडे गेली. त्याच्या दुकानात मोठी टाकी होती. गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं असताना, सगळ्यांसमोर, तिने काय केलं ते सांगितलं. सलूनवाल्याची कात्री थांबली.

"अहो ताई, माशांची घाण खाणारे जंतू त्या स्पंजात राहतात. चांगले जंतू. तेच मारलेत तुम्ही! मग ती घाणच विष होते त्यांना. त्यात नळाचं औषधाचं पाणी, तेही रोज?"

चांगले जंतू. हे दोन शब्द शेजारी शेजारी तिने उभ्या जन्मात ऐकले नव्हते.

त्याने आपल्या टाकीतल्या दोन स्पंजांपैकी एक काढून डब्यात घातला. काळाकुट्ट, गळणारा, वर कुणाचा तरी केस चिकटलेला. "हा तसाच लावा. आणि पाणी दिवसभर उघडं ठेवून मगच थोडं थोडं बदला. काही झालं तरी हा धुऊ नका!" खुर्चीतलं गिऱ्हाईक फिसकन हसलं. ती हसली नाही. डबा छातीशी धरून घरी आली, फरशीवर थेंब पडले ते तसेच राहू दिले, आणि तो स्पंज टाकीत सोडला. पण फार उशीर झाला होता. एकटे साहेब तेवढे उरले. ती खाली बसली आणि ढसाढसा रडली.

घरी आणल्यावर तो पलंगाकडे वळलाच नाही. भिंतीला धरून धरून टाकीसमोर खुर्चीत टेकला. बराच वेळ बघत राहिला.

"साहेब एकटेच?"

"मी मारले सगळे," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणाला होतात तरी स्पंज धुतला. ब्लीचने. आणि रोज तुमच्या तोंडावर येतात, येतात करत राहिले. वाटलं, कळलं तर तुम्ही हाय खाल."

आता हा ओरडेल, म्हणून ती थांबली. तो ओरडला नाही. हळूच म्हणाला, "मीही तेच केलं."

"काय केलंत?"

"सगळं काढलं असं डॉक्टर म्हणालेच नव्हते. काही ठिकाणी हात घालता आला नाही म्हणाले. मीच सांगितलं, बायकोला मी बोलतो. तू थकून यायचीस गं. तोंडाशी यायचं, आणि परत गिळायचो."

बाईला असा संताप आला, की याला गदागदा हलवावं. पण हलवायचं तरी कुठे धरून, पोटाला टाके! "आणि मी इकडे तुम्ही बरे झालात म्हणून पडदे धुतेय!" ती किंचाळली, आणि त्याच्या पायाशी मटकन बसली.

"किती दिवस म्हणाले?" जरा वेळाने तिने विचारलं.

"विचारलं नाही. धीर झाला नाही."

"मग सोमवारी मी सुट्टी काढते. दोघं जाऊ. मी विचारीन. तुम्ही शेजारी बसून ऐकायचं."

त्याने मान हलवली. मग तिच्या केसांवर हात ठेवून म्हणाला, "मला फार भीती वाटते गं."

"मलाही," ती म्हणाली.