उष्टा माउथपीस

गणूकाकांनी क्लॅरिनेट माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "याच्यात बिघाड हाय. आवाज फाटतो."

मी ते उचलून वाजवलं. आवाज साफ आला.

"वाद्यात बिघाड नाय, काका."

"मंग कुटं हाय?"

ते मला विचारत होते, पण उत्तर त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या महायुद्धाची, लढाईची वर्षं होती. कर्जतला आमच्या घराच्या पडवीत बँडच्या वाद्यांची दुरुस्ती चालायची. पाटी वडिलांच्या नावाची होती. आप्पांना दिसेनासं झालं होतं, त्यामुळे काम मी करायची. माझी शाळा चौथीपर्यंत. कळांखालचे पॅड बदलणं, स्प्रिंग बसवणं, सांध्यांना बूच चिकटवणं हे आप्पांनी माझा हात हातात धरून शिकवलं. वाद्य दुरुस्त झालं की नाही ते वाजवल्याशिवाय कळत नाही, म्हणून मी वाजवायलाही शिकले. पोरीने दुसऱ्याचं वाद्य तोंडाला लावावं हे शेजारणींना आवडायचं नाही. त्यांची वाद्यं माझ्याकडे दुरुस्तीला नव्हती, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

माउथपीस म्हणजे काय ते सांगते. क्लॅरिनेटचा सगळ्यात वरचा तुकडा. पक्ष्याच्या चोचीसारखा. त्याच्या खालच्या अंगाला रीड बांधतात. रीड म्हणजे देवनळाची तासून पातळ केलेली पट्टी. वाजवणारा वरचे दात चोचीवर टेकतो, खालचा ओठ रीडला लावतो आणि फुंकतो. रीड आणि चोच यांच्यामध्ये टोकाला बारीक फट असते. सगळी गंमत त्या फटीत. फट मोठी असेल तर आवाज मोठा, पण दातांनी घट्ट धरावं लागतं. लहान असेल तर तोंडाला आराम. आमच्याकडे मोजायचं यंत्र नव्हतं. मी फटीत पोस्टकार्डाचे तुकडे सरकवून मोजायची. काकांचा माउथपीस पाच कार्डांचा होता.

त्यावर त्यांच्या वरच्या दातांनी वर्षानुवर्षं पाडलेले दोन खळगे होते. त्या खळग्यांत पांढरं किटण बसलेलं दिसलं. रोज दात टेकत असते तर ते बसलं नसतं.

"काका, तोंड उघडा."

"कशाला?"

"उघडा म्हनते ना!"

त्यांनी उघडलं. वरचे पुढचे दात नव्हते.

"कधी गेले?"

"शिमग्याच्या आधी." त्यांनी तोंड मिटलं. "मास्तरला बोलू नको गं. तो म्हनलाय, आता लोधिवलीच्या लग्नात आवाज फाटला तर मला झांज देनार."

मास्तर म्हणजे बँडचा मालक. तोही क्लॅरिनेट वाजवायचा. त्याला 'सा' कुठे असतो ते गणूकाकांनीच दाखवलं होतं. आता त्याच पोराच्या मागे उभं राहून झांजा बडवायच्या होत्या. झांजेत वाईट काही नाही. पण तीस वर्षं पुढे चाललेल्या माणसाला मागे पाठवलं की तो घरीच बसतो. लग्नाला चार दिवस होते.

मुंबईहून नवा माल येणं बंद झालं होतं. माझ्या डब्यात जुने तीन माउथपीस निघाले. एक काचेचा. एक लाकडी. तिसरा एबोनाइटचा, म्हणजे कडक काळ्या रबराचा. तो आप्पांनी गोऱ्या पलटणीच्या बँडच्या मोडीतून आणलेला होता. त्याच्या मालकाने चावून चावून वरच्या अंगाला आडवा रुंद चर पाडला होता. असे चर मी कानशीने घासून सपाट करायची, म्हणजे माल नव्यासारखा दिसतो. हा घासायचा राहून गेला होता.

लाकडी तडकलेला निघाला, हवा गळत होती. तो बाजूला टाकला. उरलेल्या दोन्हींची फट मोजली. दोन्ही चार कार्डांचे. बिनदातांच्या तोंडाला हीच फट बरी.

काकांनी एबोनाइटचा उचलला, चर बघितला आणि खाली ठेवला.

"हे कुनाचं तरी उष्टं हाय."

"गोऱ्याचं."

"म्हंजे बैल खानाऱ्याचं! नाय बा."

काचेचा उष्टा दिसत नव्हता, एवढंच. आधी कुणीतरी तोही तोंडात धरलाच असणार. पण काचेवर खुणा राहत नाहीत. काकांनी तो लावला, खाटेवर बसून वाजवला. इतका गोड आवाज आमच्या पडवीत कधी ऐकला नव्हता. आप्पा म्हणाले, "हाच दे." मलाही तोच पटला. बुचाला दोरा गुंडाळून मी तो घट्ट बसवून दिला.

दुसऱ्या दिवशी काका परत आले. चेहरा उतरलेला.

"बसलो की वाजतो. चाललो की सटकतो."

तेव्हा माझी चूक कळली. बँडवाला बसून वाजवत नाही. खडीच्या रस्त्याने चालत वाजवतो. प्रत्येक पावलाला वाद्य हलतं. दात असले तर ते धरून ठेवतात. काकांना वरचा ओठ हिरडीखाली दुमडून धरावं लागत होतं, आणि काच पडली गुळगुळीत. मी कानाने निवड केली होती. कान माझे, तोंड त्यांचं.

मी एबोनाइटचा पुढे केला. "हा लावा आनि नदीपतूर चालत जाऊन या."

"उष्टं लावनार नाय मी."

"काका, तुमचं क्लॅरिनेट आल्या आल्या मी तोंडाला लावलं. ते कुनाचं उष्टं होतं?"

त्यांनी आपल्या क्लॅरिनेटकडे बघितलं.

"कर्जत-खालापुरातल्या समद्या बँडवाल्यांचं उष्टं मी चाखलंय. मेले का मी?"

आप्पा कोपऱ्यातून म्हणाले, "तिचं लगीन जमत नाय ते त्याच्यानंच."

काका हसले. दात गेल्यापासून पहिल्यांदा तोंड उघडून हसले असतील.

मी माउथपीस रिठ्याच्या पाण्याने घासून धुतला. पाणी थंड घ्यायचं. गरम पाण्याने एबोनाइट हिरवट पडतो. मग काकांनी डोळे मिटून तो तोंडात धरला. दुमडलेला ओठ बरोबर त्या चरात बसला. ते वाजवत रस्त्याला लागले. मी पडवीतून ऐकत राहिले. आवाज लांब लांब गेला, नदीपर्यंत पोचला आणि परत आला. एकदाही फाटला नाही. काचेइतका गोड नव्हता. पण सलग होता.

लोधिवलीला मी गेले. केलेलं काम कसं टिकतं ते मला बघायचं होतं. पेट्रोल मिळत नसल्याने कोळशावर चालणारी प्रवाशांची सर्व्हिस मोटार धापा टाकत पोचली. भर दुपारी मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत नवरदेवाला वाजवत न्यायचं होतं. वाट दगडांची. अर्ध्या वाटेत मास्तरच ठेचकाळला आणि त्याचा सूर तुटला. काकांनी गाण्याची चाल सोडली नाही. मास्तर सावरेपर्यंत त्यांनी एकट्याने ओढून नेली.

मांडवाशी मास्तर म्हणाला, "काका, माउथपीस नवा घेतला काय?"

"नाय. उष्टा हाय."

मास्तरला वाटलं चेष्टा. झांजेचं पुन्हा त्याने काढलं नाही. काका पुढे दम टिकेपर्यंत पुढच्याच ओळीत वाजवत होते.

काही वर्षांनी मास्तर एकटाच माझ्याकडे आला. रुमाल तोंडाशी धरलेला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "तारे, काकांच्यासारखा एखादा उष्टा हाय का गं?"

होता. काकांचं काम झाल्यापासून जुन्या माउथपीसवरचे दातांचे चर मी घासून काढणं बंद केलं होतं.

"हाय," मी म्हणाले. "पन आधी तो लावून नदीपतूर चालून या."