भंडारा लावलेलं बटन

हे मी आजवर कुणापुढेही बोललो नाही. बायकोपुढेही नाही — आणि आता ती ऐकायला नाही. पाटसला हायवेलगत माझं गॅरेज आहे, मागे एक खोली आहे, तिथे मी एकटाच असतो. तुम्ही बसलाच आहात तर सांगतो. मध्येच थांबलो तर चालवून घ्या.

गोष्ट पंख्याची आहे. हसाल तुम्ही — एवढी वर्षं पोटात ठेवलं आणि निघालं काय, तर ट्रकचा पंखा!

म्हाळू माझा दोस्त. आम्ही दोघं वरवंडचे, शाळेत एकाच बाकावरचे. त्याच्या वडिलांनी मेंढरं विकून शेती धरली आणि म्हाळूनं स्टेअरिंग. घराण्यातला पहिला ड्रायव्हर — केवढा तोरा होता त्याला! दौंडच्या एका शेठच्या ट्रकवर तो होता. गळीत हंगामात शिरूरकडचा ऊस भरून कारखान्यावर आणायचा आणि येता-जाता माझ्याकडे चहाला थांबायचा. मी तिरसट माणूस. काम नसताना नुसतं बसायला म्हणून येणारा तो एकटाच.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. एके दिवशी त्या ट्रकच्या पंख्याचं पातं तुटलं. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून रेडिएटर गार ठेवणारा जुना पंखा. शेठनं मला विचारलं, तसलाच घालायचा की इलेक्ट्रिक? इलेक्ट्रिकची तेव्हा फार हवा होती. म्हाळू म्हणाला, "जुनाच बरा. इंजन फिरतंय तवर त्योबी फिरतोय. ध्यानात ठेवायला लागत न्हाई."

बरोबर बोलला होता. पण मला हुशारी दाखवायची होती ना! मी शेठला पटवलं — जुना पंखा इंजिनाची ताकद खातो, डिझेल खातो. शिवाय कारखान्याच्या रांगेत गाडी जागेवर धडधडत असते, इंजिन हळू, मग पंखाही हळूच. इलेक्ट्रिक मात्र बॅटरीवर, कायम एका वेगानं. यातलं खोटं काही नव्हतं. खोटं पुढे आहे.

पंखा मी बसवला. बटन केबिनमध्ये, खंडोबाच्या फोटोखाली. आणि वायर — वायरीवर जाड नळी चढवून तिला सायलेन्सरच्या पाइपापासून लांब बांधायचं असतं. नळी संपली होती. दौंडला जाऊन आणायचा मला कंटाळा आला. तसंच भागवलं.

म्हाळूनं त्या बटनाचा देवच केला. रोज सकाळी खंडोबाला भंडारा वाहायचा, तेच हळदीचं बोट बटनावर टेकवून ते खाली दाबायचा आणि मगच किल्ली फिरवायचा. बटन पिवळंधमक झालं होतं. मी त्याची टिंगल करायचो. म्हणजे मला पक्कं ठाऊक होतं — हा माणूस जेवायचं विसरेल, बटन विसरणार नाही.

मग एका दुपारी निरोप आला, न्हावऱ्याच्या पुढे भरली गाडी बंद पडलीय. मी गेलो. इंजिन तापून जाम झालं होतं. गरमी दाखवणारा काटा जुन्या गाड्यांत चालतो कुठे? म्हाळूला आधी काहीच कळलं नव्हतं. मला पाहून त्याला धीर आला आणि कॅन घेऊन तो लांबच्या विहिरीवर पाण्याला गेला. मी बॉनेट उघडलं.

वायर पाइपाला टेकून वितळली होती, आतली तार जळून तुटली होती. माझी वायर. केबिनमध्ये चढलो. बटन दाबलेलंच होतं. त्यावर सकाळचा ताजा भंडारा होता.

सांगतो. थांबा जरा — सांगतो.

मी ती जळकी वायर ओढून काढली आणि शेजारच्या उसात फेकली. नवी जोडली — या वेळी नीट, पाइपापासून लांब. आणि मग ते बटन मी वर केलं. बंद केलं. बोटाला हळद लागली, ती पँटला पुसली.

म्हाळू आल्यावर त्याच्यासमोर बटन दाबलं. पंखा भर्रकन फिरला. "पंखा तर चालतोय, म्हाळू," मी म्हणालो. "बटन बंद व्हतं."

त्यानं कॅन खाली ठेवला. बटनाकडे बघत राहिला. "भंडारा तर लावलाय मी," हळूच म्हणाला, "मंग दाबायचंच राहिलं व्हय?"

अजून वेळ गेली नव्हती. एक शब्द पुरला असता. मी काय केलं? त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "व्हतं आसं कवा कवा."

शेठपुढे त्यानं स्वतःच कबूल केलं, चुकी माझी. शेठनं तिथल्या तिथे किल्ली काढून घेतली. हायवेभर बोभाटा झाला. कुरकुंभला कंपन्यांच्या गाड्या होत्या, तिथेही त्याला कुणी उभं केलं नाही. त्यानंही फार खटपट केली नाही. त्याचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता, स्वतःवरचा तेवढा उडाला होता. शेवटी चुलत्याच्या मेंढरांमागे गेला. बापानं सोडलेली काठी त्यानं धरली.

त्यानंतर मी एकाही ट्रकला इलेक्ट्रिक पंखा बसवला नाही. कुणी विचारलं तर सांगायचो — नको बाबा, माणूस बटन विसरतो. लोक म्हणायचे, मिस्त्री अनुभवाचं बोलतोय. बोलून बोलून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. चहाला कुणी येईना. गॅरेजात एकट्यासाठी दूध कुठे आणायचं, म्हणून कोराच पीत बसायचो.

भीतीनं केलं का? गॅरेजचं नाव जाईल म्हणून? असेल. पण भीती त्या दुपारची. पुढच्या सगळ्या वर्षांचं काय?

बायको गेल्यानंतरची गोष्ट. गॅरेजमागच्या शेतात त्याच्या मालकानं खतासाठी मेंढरं बसवली. मेंढरांबरोबर म्हाळू. केस पांढरे झालेले. आला, चहा प्यायला, पंख्याचा विषय काढला नाही. मीही नाही काढला. दिवस कलला तशी त्यानं मेंढरं जाळीच्या आत घेतली आणि मोजली. पुन्हा मोजली. जाळीशी उभा राहून बोटं नाचवत परत सुरुवात केली, मध्येच थांबला आणि मला हाक मारली.

"तू मोज लेका," म्हणाला. "माझ्या मोजन्याचा काय भरवसा? तू म्हनलास की झालं."

किती हवीत ते विचारून मी मोजली. "बरोबर हायती," म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि पुन्हा एकदाही जाळीकडे न बघता घोंगडीवर निर्धास्त आडवा झाला.