एकशे चौदा हरकती, एकच अक्षर

आमच्या मामाला कचेरीच्या आवारात सगळे अर्जमास्तर म्हणत. सदतीस वर्षं तो तिथल्या जिन्याखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहीत होता. टेबलासमोर एक बाक. त्यावर बसलेला माणूस आधी इकडचं तिकडचं बोलायचा, मग जावयावर घसरायचा, आणि मुद्द्यावर यायला त्याला अर्धा तास लागायचा. मामा मधे तोंड उघडत नसे. सगळं ऐकून झालं की बारा ओळींत अर्ज उतरवायचा. तेरावी ओळ साहेब वाचत नाहीत, असं त्याचं ठाम मत होतं. म्हणून रडगाणं गाळायचं आणि मागणी ठेवायची. या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

मग कचेरीच्या दाराशी बोलकं यंत्र आलं. त्याच्यापुढे उभं राहून बोललं की अर्ज आपोआप तयार होऊन आत जाणार, आणि कुणाचा अर्ज आधी घ्यायचा हेही तेच ठरवणार. दोन महिन्यांत मामाचा बाक ओस पडला. तो माझ्याकडेच राहायचा, खाण्यापिण्याची ददात नव्हती. त्याला माणसं हवी होती. जेवायला बसला की विचारायचा, "तुझ्या ऑफिसात आज कोण काय म्हणालं?" मी दोन वाक्यांत आटपायचे. तेवढ्यावर त्याचं भागायचं नाही, हे मला दिसत होतं. आता आठवलं की माझाच राग येतो.

पुढे अशा यंत्रांसाठी नियम करायचे ठरलं. मसुदा फलकावर लागला: हरकती व सूचना तीस दिवसांत, लेखी. हरकती लोकांच्या पोटात होत्याच, पण यंत्राविरुद्धची हरकत यंत्रालाच कोण सांगणार? सगळे मुकाट परत मामाच्या बाकावर आले. त्या तीन आठवड्यांत मामाला जेवणाची शुद्ध नव्हती. घरी आला की चेहरा असा, जणू माहेरपणाला जाऊन आलाय. एकशे चौदा हरकती त्यानं लिहिल्या. मागणी सगळ्यांची एकच, यंत्राजवळ ऐकून घेणारा एक माणूस बसवा.

उत्तर आलं. 'एकाच हस्ताक्षरातील व समान मजकुराच्या ११४ हरकती ही एकच हरकत समजण्यात आली आहे. एका प्रतिनिधीस सुनावणीत तीन मिनिटे बोलता येईल.' माझा पारा चढला. हा काय पोरखेळ आहे, आपण भांडायला जाऊ, म्हणून मी चपला घातल्यासुद्धा. मामा मात्र तो कागद पुन्हा पुन्हा वाचत होता.

"त्यांचं बरोबर आहे गं," तो म्हणाला. "एकशे चौदा माणसं आली होती. मीच त्यांना गाळून एक केलं."

सुनावणी तिसऱ्या मजल्यावर होती. लांबट टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि वेळ संपली की वाजवायची घंटा. मामानं चष्मा लावला, बारा ओळींचा कागद काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि घडी करून खिशात ठेवला. मग नुसत्या आठवणीवर सांगू लागला. इस्त्रीवालीला रडू आलं की यंत्र म्हणतं, आवाज स्पष्ट नाही, पुन्हा बोला. ती विचारते, किती वेळा रडू? नळदुरुस्तीवाला बोलताना अडखळतो. त्याचं नाव पुरं व्हायच्या आत यंत्र त्याला धन्यवाद देऊन मोकळं होतं. शाळेतल्या शिपाईबाईंचा अर्ज मागे पडला. का पडला हे विचारायचं कुणाला, हेच त्यांना कळेना. प्रत्येकाचं त्याच्या त्याच्या शब्दांत. जावयांसकट.

सातव्या माणसापाशी घंटा वाजली. अध्यक्ष बाईंनी हातानंच घंटा थांबवली आणि मामाला बोलू दिलं. तो थांबल्यावर त्यांनी विचारलं, "हे त्यांचं झालं, मास्तर. तुमची स्वतःची काही हरकत?"

"माझं काही नाही," मामा म्हणाला आणि खाली बसला. तो धडधडीत खोटं बोलत होता, आणि मी शेजारी बसून गप्प राहिले.

पाच महिन्यांनी नियम आले. आमची एक हरकत चक्क मान्य झाली होती: यंत्राजवळ ऐकून घेणारा माणूस असावा. मामा घोटून दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत गेला. तिथे खुर्ची मांडलेली होती आणि खुर्चीत आतल्याच विभागातली एक बाई बसली होती. माणूस बसवा, असं मामानं एकशे चौदा वेळा लिहिलं होतं. कोणता माणूस, हे त्या बारा ओळींत कुठेच नव्हतं.

तीन दिवस तो आपल्या बाकावर बसून तिच्यापुढची रांग बघत होता. "ऐकते चांगलं. मधे बोलत नाही," एवढंच घरी येऊन म्हणाला. चौथ्या दिवशी मी त्याचा डबा घेऊन गेले, तर टेबलावर कुणी नाही. मामा रांगेत उभा होता. त्याचा नंबर आला तेव्हा मी दोन पावलांवर होते.

बाईनं कागद पुढे ओढला. "कुणाचा अर्ज, काका?"

"माझाच."

"विषय?"

"विषय नाही," मामा म्हणाला. "मला माणसांची फार आठवण येते. सकाळी उठलो की वाटतं, आज कुणीतरी येऊन बसेल. कुणी येत नाही."

तिनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "बसा. बोला." मामा बसला आणि बोलायला लागला. मी डबा घेऊन बाहेर जिन्यापाशी थांबले. तास उलटून गेला, जेवण पार गार झालं, तरी त्याला हाक मारायचं माझ्या जिवावर आलं.