तिच्या तोंडचा मी

येळवसेला ज्याच्या रानात चार परकी माणसं जेवली नाहीत, त्याची येळवस झालीच नाही असं मी समजतो. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडं सगळं गाव रानात असतं. ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, आत पाच दगड चुना लावून मांडायचे, पूजा करायची आणि मग येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून भज्जी, म्हणजे ओल्या दाण्यांची मिसळ भाजी, आणि आंबील खाऊ घालायची. ज्याला रान नाही त्यानं त्या दिवशी कुणाच्याही कोपीत बसावं. औंदा बायको नव्हती. आखाडात गेली. आणि मला एकच घोर लागला होता, आपल्या कोपीला कुणी येतंय का नाही.

कारण हाक मारायचं काम तिचं होतं. माझ्या तोंडाला गाव भितं.

हे आजचं नाही. आमचं मेंढरं राखणारं घर. आज्जा राखायचा, बापानं रान घेतलं, मेंढरं गेली, पण गावाच्या मनातून गेली नाहीत. "मेंढरामागं हिंडणारी माणसं, आरडूनच बोलणार," असं म्हणायचे. मी पोर असताना हळू बोललो तर कुणी वळून बघायचं नाही. आरडलो की म्हणायचे, बघा, आज्जावर गेलंय. दोन्हीतलं आरडणं मला सोपं पडलं.

शेजारच्या रानाचे अप्पा लिंगायत, चिटगुप्प्याला दुकान आहे. दुकानदार माणूस गोड बोलतो, हे त्यांच्याबद्दल आधीच ठरलेलं. एकदा एकाची म्हैस आमच्या दोघांच्या तुरीत शिरली. अप्पांनी त्या म्हैसवाल्याला आईवरून शिव्या घातल्या. मी नुसतं म्हणालो, "दावं न्हाई का रे घरात?" संध्याकाळी हॉटेलात काय बोलणं निघावं? अप्पांना ताप असंल, न्हाईतर ते असं बोलत न्हाईत. आणि माझ्याबद्दल? त्याचं काय, ते तसंच हाय. अप्पा स्वतःच मला हसून सांगायचे, "अण्णा, तुझ्या आडोशानं माझं भागतंय बघ."

बायको उदगीरकडची. लग्न होऊन आली तेव्हा नवरा कसल्या तोंडाचा आहे हे बायकांनी नळावर सांगितलंच असणार. तिनं ऐकून घेतलं आणि स्वतःच्या मनाचं केलं. येळवसेला बांधावर उभी राहायची आणि वाटेनं जाणाऱ्याला म्हणायची, "अवो, या की. ह्येनी बोलवायलेत." मी कोपीत बसलेलो, मला पत्ता नाही. माणूस येऊन हात जोडायचा, "अण्णा, आमची याद काढलाव म्हणं." आता त्याला न्हाई म्हणायचं काय? बस म्हणायचो, ताट लावायचो.

एरवीही तेच. "ह्येनी म्हणाले, लेकरू आजारी हाय तर दूध घेऊन जा." "ह्येनी म्हणाले, कडबा न्या, मागून बघू."

मी तिला विचारायचो, "मी कवा म्हणालो गं?"

"म्हणणारच होताव की. मी आधी सांगितलं, एवढंच."

तिनं सांगितलेला तो माणूस मलाही आवडायचा. दूध द्यायला गेलो की माझा आवाज आपोआप खाली यायचा. ती गेल्यावर तो माणूस कुठं गेला, ह्याचा मी लई विचार केलाय. आता घरात सगळे गावासारखेच वागतात. सूनबाई चहा ठेवते आणि मागं सरते. नातीला म्हणते, "आज्जाजवळ जाऊ नको, रागावतील." मी रागावलेला नसतो. पण हे ऐकलं की कपाळाला आठी पडतेच.

तर औंदा पूजा झाली. लेक म्हणाला, "बाबा, आपलं आपण जेवून घरी जाऊ. कोण यायलंय?"

तेवढ्यात वाटेनं पंक्चर काढणारा आणि त्याची बायको येताना दिसले. त्यांना रान नाही, दरसाल आमच्याकडंच जेवायचे. दोघांनी कोपीकडं बघितलं, मान खाली घातली आणि पुढं चालायला लागले. मी बांधावर गेलो. बोलवायचंच होतं मला. तोंडातून काय निघालं? "कामून रे, डोळे फुटले का? कोप दिसंना?"

त्यांनी पाय उचलले.

लेक मागून म्हणाला, "ह्याला बोलावणं म्हणत्यात व्हय, बाबा?"

मी त्यांच्या मागं गेलो. धोतर हातात धरून, धापा टाकत. "थांब रे," म्हणालो. "ती गेली म्हणून मी काय चूल बंद केली काय?"

तो थांबला. "तसं न्हाई, अण्णा. दरसाल तुमी अक्काला धाडायचाव बोलवायला. औंदा कुणी आलं न्हाई. आमाला वाटलं, तुमच्याच मनात न्हाई."

त्याची बायको म्हणाली, "अक्का सांगायच्या की, आमी आल्याबिगर तुमी जेवायला बसत न्हाई म्हणून."

सगळं गाव मला एका परीनं ओळखतं आणि ही दोघं इतकी वर्षं तिच्या तोंडच्या माणसाकडं जेवायला येत होती. सरळ बोलणारा म्हणून माझं नाव आहे. त्या दिवशी सरळ बोललो असतो तर ती खोटी पडली असती.

"व्हय," म्हणालो. "अजून बसलो न्हाई. चला."

कोपीत दोघं जेवायला बसली. बाईनं भज्जीचे दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "अक्काच्या हाताची न्हाई." म्हणाली आणि जीभ चावली. सूनबाईची पळी भगुन्यातच राहिली. सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले, आता हा पेटणार म्हणून.

खरंच नव्हती. ती चिंच जरा जास्त घालायची. ओल्या तुरीचे दाणे मागाहून टाकायची, ते दाताखाली यायचे. आखाडापासून मी जे हुडकायलोय ते ह्या भगुन्यात कुठून असणार?

"न्हाईच," मी म्हणालो. "ती तिच्यासंगं गेली." मग सूनबाईला म्हणालो, "ही तुझी हाय, बाई. वाढ मला अजून."

तिनं वाढली. जवळ येऊन वाढली.

जेवण झाल्यावर ती दोघं उठायला लागली. मी त्यांना उठू दिलं नाही. आंबील पुन्हा वाढायला लावली आणि त्या बाईला विचारलं, "अजून काय काय सांगायची गं ती, माझ्याबद्दल?"