केसपेपर

त्या वैशाखात ऊन लागलेल्या माणसांनी नाशिकचा सरकारी दवाखाना भरून गेला होता. वडिलांना निफाडहून सकाळच्या आगगाडीने आणलं, तेव्हा ओसरीच्या कोपऱ्यात कशीबशी जागा मिळाली.

केसपेपर इंग्रजीत लिहून झाल्याशिवाय डॉक्टर कुणाला तपासत नसत, आणि तो लिहिणारा कारकूनच ऊन लागून घरी पडला होता. कंपाउंडरने ओरडून विचारलं, "इंग्रजी कुणाला येतं का?"

"माझा पोरगा बी.ए. हाय!" वडील पडल्या पडल्या म्हणाले.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मी ताठ मानेने टेबलाशी बसलो आणि रांगेप्रमाणे लिहू लागलो. आमचा नंबर शेवटचा होता. आपल्याच बापाचा कागद आधी लिहिणं मला शोभत नव्हतं.

मध्येच वडिलांनी हाक मारली, "अहो सायेब, आमचं बी लिव्हा की कवातरी!"

लोक हसले. मीही हसलो आणि पुढच्या बाईला वय विचारलं.

वडिलांची पाळी आली तेव्हा त्यांचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि ते बोलत नव्हते. तरी नाव, वय, गाव मी नीट अक्षरात लिहिलं, मग डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी मनगट धरलं आणि हळूच खाली ठेवलं.

"जरा आधी आणायचं होतं."

"आम्ही सकाळपासून इथंच आहोत," मी म्हणालो.

दाराशी आणखी माणसं आली होती. कंपाउंडरने पुढे केलेला कोरा कागद मी घेतला आणि नाव विचारलं.