मोठं केलेलं भोक

रविवारी मी आणि बाबा आमच्या जुन्या गाडीचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर घरीच बदलत होतो. खालचा बोल्ट आवळताना पाना एकदम हलका लागला आणि बोल्ट नुसताच फिरत राहिला. भोकातले आटे गेले होते.

"लावलास ना जोर?" बाबा म्हणाले. "हा मोर्चा नाही रे."

"तुमच्याच मोर्च्यात शिकलो जोर लावायला."

बाबा वाकून भोक तपासू लागले. बाबांनी लिहिलेल्या युनियनच्या पत्रकांवर मी अक्षरं ओळखायला शिकलो. गेल्या महिन्यात त्याच बाबांनी कारखान्यात युनियन सोडल्याच्या कागदावर सही केली. आज जाब विचारायचाच, असं ठरवून मी कामाला बसलो होतो.

बाबांनी ड्रिलने भोक मोठं केलं आणि टॅप फिरवून नवे आटे पाडले. लोखंडाचा चकचकीत कीस माझ्या तळहातावर पडत राहिला. दुरुस्ती म्हणजे काहीतरी भर घालणं, असं मला वाटायचं. इथे तर आणखी थोडं लोखंड गमावल्यावरच पकड मिळत होती. भांडणानंतर माणसंही अशीच जुळत असतील, प्रत्येक वेळी थोडी कमी होऊन.

जाडा बोल्ट घट्ट बसला.

"हेही आटे गेले तर?" मी विचारलं.

"मग पाडायला लोखंडच उरत नाही," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. "आता जपूनच."

मी जाब विचारला नाही. आमच्या पत्रकांत याला शरणागती म्हणतात.