गल्लीचं लुगडं

शहापुरात आमच्या गल्लीत घरोघरी माग होते, पण लुगडं सगळ्या गल्लीत मिळून एकच होतं. असं सांगितलं की माझ्या सासरची माणसं खो खो हसायची. लुगडी विणणाऱ्यांच्या घरात लुगड्यांचा दुष्काळ म्हणायचा का काय! पण आम्ही विणलेली लुगडी खडेबाजारातल्या दुकानांत जायची, ती आमची नव्हती. आमचं ते एकच. डाळिंबी अंगाचं, रुंद रेशमी काठाचं, कुणी विणलं ते कुणालाच ठाऊक नसलेलं. गल्लीतल्या पोरीवर अक्षता पडायच्या त्या हे लुगडं नेसवून. लग्न लागलं की ते उतरवायचं आणि पोरीनं आपलं स्वतःचं नेसून पंगतीला बसायचं. घरचं गरीब असो की खाऊनपिऊन सुखी, अक्षता पडेपर्यंत सगळ्या नवऱ्या सारख्या दिसायच्या. मला म्हणाल तर ते लुगडं कधी आवडलं नाही. त्याला कडुनिंबाच्या पाल्याचा वास यायचा, आणि काठ मानेला टोचतो अशी लग्न झालेल्या मैत्रिणींची तक्रार असायची.

लुगडं राहायचं आमच्या घरी, कारण ते सांभाळायची माझी आत्ती. आत्ती म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. तिचं लग्न झालं तेव्हा ती इतकी लहान होती की नवऱ्याचं तोंडदेखील तिला आठवत नव्हतं. तो पटकीनं गेला, तेव्हाही ती परकर नेसत होती. तेव्हापासून ती आमच्याकडेच. लुगडं रिठ्याच्या पाण्यात धुवायचं, सावलीत वाळवायचं, विरलं असेल तिथं धागा धागा भरून काढायचा, घडी दर वेळी वेगळ्या जागी मोडायची, हे सगळं तिचं काम. लग्नाच्या दिवशी ती गाठोडं उराशी धरून लग्नघराच्या उंबऱ्यापर्यंत जायची. तिथं एखादी सवाष्ण पुढं होऊन ते तिच्या हातातून घ्यायची आणि आत्ती माघारी वळून मागच्या दारानं चुलीकडं जायची. कामाला तिचा हात चालत होता, मानाला चालत नव्हता. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही पुष्कळ वर्षं वाटलं नाही.

दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. एका हिवाळ्यात कॉलेजातले एक प्रोफेसर एका गोऱ्या बाईंना घेऊन गल्लीत आले. बाई विलायतेकडच्या कुठल्याशा वस्तुसंग्रहालयातल्या. आम्ही आपलं त्यांना मडम म्हणायचो. चार-पाच देशांतल्या संग्रहालयांनी मिळून एक मंडळ काढलं होतं आणि देशोदेशीची जुनी वस्त्रं जपायची असं ठरवलं होतं. मडम बोलायच्या आणि प्रोफेसर मराठीत सांगायचे. "आजवर आम्ही वस्तू उचलून नेल्या, ज्यांच्या होत्या त्यांना विचारलं नाही. यापुढं तसं करायचं नाही. लुगडं द्यायचं की नाही हे तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवा. तिकडं त्याच्याखाली काय लिहायचं तेही तुम्हाला वाचून दाखवू. तुम्ही हो म्हटल्याशिवाय एक अक्षर लावणार नाही."

यावर गल्लीला आनंद व्हायचा सोडून संशयच आला. गोरं माणूस आणि विचारून नेतंय? यात काहीतरी काळंबेरं असणार! शेजारच्या काकींनी दुसऱ्या दिवसापासून आपली तांब्याची घागरही आत ठेवायला सुरुवात केली.

सकाळी मागाच्या उभ्या सुताच्या ताण्या गल्लीभर घालून झाल्या की गल्ली मोकळी व्हायची, तिथंच बैठक बसली. वडिलांचे आणि आत्तीचे मामा गल्लीत सगळ्यांत वडीलधारे. त्यांचा शब्द शेवटचा. एरवी ते मराठी बोलायचे, डोकं तापलं की कन्नडात शिरायचे. त्या दिवशी त्यांनी बराच वेळ मराठी टिकवली.

"इरलंय त्ये. आनी दोन-चार लग्नं निघतील, मग फडकं हुईल त्याचं," एकजण म्हणाला.

"झालं तर आपलं फडकं हुईल की! तिकडं काचंत घालून कोन नेसनार हाय?" दुसऱ्यानं विचारलं.

"पन ऱ्हाईल तरी. आपल्या पोरांच्या पोरांनी कुटं बगायचं मग?"

गल्लीत पुढचं लग्न माझं ठरलं होतं, म्हणजे हा सगळा घोळ खरं तर माझ्या अंगावरच्या लुगड्याचा. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर घेऊन जा म्हणाले असते, सुटले असते कडुनिंबातून.

शेवटी मामांनी निकाल दिला. जुनं मडमेला द्यायचं. त्यांचं मंडळ रेशीम देणार होतं, त्यातून तसंच्या तसं नवं विणायचं, प्रत्येक घरानं पाळीपाळीनं मागावर बसायचं. इथपर्यंत ठीक. मग ते म्हणाले, "आनी नवं लुगडं पयल्यापास्नं सवाष्नीच्या घरात ऱ्हाईल. जुन्याचं चाललं, ते चाललं." सगळ्यांनी माना हलवल्या. एकानंही आमच्या दाराकडं वळून पाहिलं नाही.

आत्ती दाराच्या आत तांदूळ निवडत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तणतणत आत गेले. "आत्ती, तुझं काम काडून घेतलं की गं त्यांनी!"

"काम काय गं, दुसरं करीन," ती म्हणाली. पण तिची बोटं सुपातच राहिली, खडा सापडेना की तांदूळ सरकेना. तिला दुसरं काहीच नव्हतं. धुणं-भांडी होती, घरातली लेकरं होती, पण आपलं म्हणावं असं काही नव्हतं. हे मला त्या दिवशी कळलं आणि मामांचा असा राग आला की त्यांना चहा द्यायला मी उठलेच नाही.

लुगडं द्यायच्या दिवशी बायका हळदीकुंकवाची तबकं घेऊन जमल्या. लुगड्याची ओटी भरून ते पाठवायचं होतं. मडमेनं तीन पायांवर कॅमेरा उभा केला होता. हे लुगडं कसं नेसतात ते तिकडच्या लोकांना कळायला हवं, म्हणून कुणीतरी नेसून उभं राहा, असं त्यांचं म्हणणं. बायकांनी मामांच्या नव्या सुनेला पुढं ढकललं. ती नथबीथ घालून तयारच होती. मडमेनं नको म्हणून मान हलवली. त्यांनी काहीतरी विचारलं, प्रोफेसरांनी आत्तीकडं बोट दाखवलं, मग त्या पुन्हा बोलल्या, आणि प्रोफेसरांचा चेहरा उतरला. ते धारवाडकडचे, आमच्या रीती जाणणारे. आपण काय बोलणार आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी बोलले. "बाई म्हणतात, इतकी वर्षं ज्यांनी जपलं, त्यांनीच नेसावं."

नवरा गेलेल्या बाईनं लग्नाचं लुगडं नेसायचं? बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

आत्ती उठली. तिनं लुगडं उचललं आणि घरात गेली. मला वाटलं, आता काही ही बाहेर येत नाही. पण आली. चापूनचोपून नेसली होती, डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं. उन्हात सरळ उभी राहिली आणि कॅमेऱ्याच्या काचेकडं बघत राहिली. आत्ती देखणी होती. घरात इतकी वर्षं राहून हे मला माहीत नव्हतं.

मामा ताडकन उठले. कन्नडातून जे काही बोलले ते मी इथं लिहीत नाही. म्हणाले आणि चालते झाले. बायकांनी तबकं पदराखाली घेतली. "न्हेऊ देत आता, आमच्या काय कामाचं ऱ्हायलं?" त्यातली एक म्हणाली. म्हणजे जड मनानं द्यायचं होतं ते लुगडं, ते ओटी न भरता, सुटलो एकदाचं म्हणत दिलं गेलं. घडी घालून मडमेच्या हातात दिलं ते आत्तीनंच. मध्ये कुणी सवाष्ण आली नाही.

नवं लुगडं झालं. माझं लग्न त्यातच लागलं. त्याचा काठ जुन्यापेक्षाही टोचरा निघाला. आत्ती त्या दिवशी चुलीपाशीच होती, यावेळी गाठोडं घेऊन उंबऱ्यापर्यंत यायचंही कारण नव्हतं. मामा रोज आमच्याकडं यायचे, पण तिच्याशी बोलायचे नाहीत. पाणी हवं असलं तर भिंतीकडं बघून मागायचे. तीही तांब्या ठेवून निघून जायची.

पुढच्या हिवाळ्यात मडम पुन्हा आल्या. मी संक्रांतीसाठी माहेरी आले होते. बैठक पुन्हा गल्लीतच भरली. मडमेनं पातळ कागदातून एक मोठा फोटो काढला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. आत्ती, लुगडं नेसलेली. फोटोखाली लावायचा मजकूर त्यांनी वाचला आणि प्रोफेसरांनी खाली बघत मराठीत सांगितला. "शहापूरच्या विणकर गल्लीतली नवरी, लग्नाच्या लुगड्यात."

आत्तीचा नवरा गेलेला आहे हे मडमेला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्यात हे सांगावं लागत नाही, कपाळ बघून कळतं, आणि मडमेला कपाळ वाचता येत नव्हतं.

"बरोबर आहे का?" प्रोफेसरांनी विचारलं. "चूक असेल तर सांगा. आत्ताच बदलता येईल."

"खोडा त्ये," मामा म्हणाले. "नवरी न्हवं ती."

आत्ती दारात उभी होती. ती पायरी उतरून खाली आली. बैठकीत बाईमाणूस बोलायची पद्धत नव्हती, आणि ती तर कधीच कुठं बोलली नव्हती.

"मामा, माजं लगीन कंच्या लुगड्यात लागलं?"

मामा डोक्यावरचा फेटा सारखा करू लागले.

"ह्याच की न्हाय? गल्लीतल्या समद्या पोरींचं लागलं तसंच. मग मी नवरी न्हवते व्हय? मला त्यातलं कायबी आठवत न्हाय. तुमास्नी आठवत असंल. मामा म्हनून तुमीच उचलून न्हेलतासा मला बोहल्यावर."

मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले, आणखी काय करावं ते सुचलं नाही.

मामांनी हात पुढं केला. मडमेनं फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"झोपलीतीस," ते म्हणाले. किती तरी महिन्यांनी ते तिच्याकडं बघून बोलत होते. "बाजा वाजत हुता तरी जागी न्हाय झालीस. लुगड्यात गुंडाळून न्हेली तुला. लई हलकी व्हतीस गं."

मग फेट्याच्या शेवानं तोंड पुसून त्यांनी फोटो प्रोफेसरांना परत दिला.

"बाईस्नी सांगा, बरोबर हाय. खोडू नगा."